राजयंत्राच्या पेटीची आणि बारा गावांच्या सीमेची हकीगत

श्रीयंत्रस्वामिनी सुप्रसन्न असो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचा संगणक तिमाजीपंत यंत्रनवीस यांचे हवाली होता, आणि शेजारच्या राज्याशी बारा गावांच्या सीमेचा तंटा चाळीस वर्षे चालिला होता, त्याचा नकाशा त्या यंत्राचे पोटी होता, आणि पौर्णिमेस भर दुपारी उघड्या मैदानात दोहों राज्यांनी आपापला नकाशा काढून दाखवावा, ज्याचा न निघे त्याने दावा सोडावा, ऐसा करार ठरला. मग महाराजांनी आज्ञा केली की, "परमुलखीची पेटी नको, मैदानात न्यावयास यंत्रास पेटी घरीच करावी." पंतांपाशी थ्रीडी प्रिंटर होता, तो प्लास्टिकचा तंतू वितळवून थरावर थर रची. दिवाण आबाजी रघुनाथ बोलिले, "पीएलए नामे तंतू घ्यावा. मक्यापासून उपजतो, सात्त्विक आहे, आणि झळाळीही बरी." पंतांचे मन कचरले, परंतु दिवाणांपुढे बोलवेना. मग अष्टमीस उन्हात तालीम केली, तो यंत्र तापले आणि पेटी मऊ होऊन दिवाणांसमोर हळूहळू मुजऱ्यास वाकली, आणि पंखा अडकून यंत्र मूर्च्छित पडले. दिवाणांनी मुजरा स्वीकारिला. पंतांनी पंखा सोडवून यंत्र शुद्धीवर आणिले, परंतु त्या दिवशी त्यांस अन्न गोड लागेना.

मग पंत मुदपाकखान्यात गिरजाबाईंकडे गेले, कारण तापाची पारख तितकी राज्यात कोणास नव्हती. बाई बोलिल्या, "पंत, गुण विचारून कळत नाहीत, तापवून कळतात. तुम्हांपाशी जितके तंतू, तितक्यांच्या पट्ट्या आणा." मग जुन्या भट्टीत पीएलए, पीईटीजी आणि एबीएस या तिन्ही तंतूंच्या पट्ट्या टांगून प्रत्येकीस एकेक बटाटा बांधिला. पीएलए लागलाच लोळला, पीईटीजी काही वेळ तग धरून मान टाकिता जाहला, एबीएस मात्र बटाट्यासह ताठ राहिला. बाई पुसत्या जाहल्या, "याची खोड काय?" पंत म्हणाले, "छापताना वारा लागला की रुसतो, कोपरे उचलतो, तडकतो. उबेत, पडद्यात ठेवावा लागतो. आणि वासही उग्र." बाई म्हणाल्या, "मग थोरल्या राणीसाहेबांची पालखी आहे की."

राणीसाहेबांनी पालखी दिधली आणि तीन दिवस देवदर्शनास पायी गेल्या. पालखी अंगणात ठेवून आत प्रिंटर बसविला, पडदे सोडिले, भोई नाकास फडके बांधून दूर उभे राहिले, आणि प्रजा येऊन दंडवत घालू लागली. दंडवताने वारा होतो म्हणून पंतांनी हात जोडून उभ्यानेच दर्शन घेण्याची विनंती केली. चतुर्दशीस पेटी सिद्ध जाहली.

पौर्णिमेस मैदानात ऊन ऐसे की बोलवेना, तरी आमची पेटी अढळ राहिली आणि नकाशा निघाला. शेजाऱ्यांची पेटी तांबडी, झळाळती, मक्याचीच होती, ती खचू लागली, आणि त्यांचे वृद्ध यंत्रनवीस जानोजीराव दोहों हातांनी झाकण तोलून उभे राहिले. तळहात लाल जाहले, परंतु सोडवेना. दिवाण कानाशी बोलिले, "पंत, पडू द्या. गावे आपली." पंतांनी त्या म्हाताऱ्याचे हात पाहिले, आणि उपरणे काढून पुढे गेले, आणि झाकणाखाली घालून म्हणाले, "जानोजीराव, तुम्ही नकाशा काढा. मी धरितो."

मग तोही नकाशा निघाला, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उन्हाकडे धरिले, तो सीमा केसाइतकीही वेगळी नव्हती. चाळीस वर्षांत ते कोणी एकावर एक ठेविलेच नव्हते.

एणेप्रमाणे बारा गावे होती तेथेच राहिली. दिवाणांनी विजयोत्सवाची परवानगी मागितली, तेव्हा महाराज म्हणाले, "विजय कोणावर, ते आधी लिहून आणा." दिवाण अद्याप लिहीत आहेत. जैसे ऐकिले तैसे मांडिले, उणे-अधिक ते वाचणाराने पदरी घ्यावे.