खवलोजीच्या गाडीचा अस्सल बिघाड

पौष शुद्ध द्वितीया. पहाटे दाट धुके, नंतर स्वच्छ ऊन, वारा नावापुरता.

अशा दिवशी, मुलांनो, एका जंगलात एक खवल्या मांजर आपल्या बिळासमोर मोटारसायकलचा कार्बोरेटर उघडून बसले होते. त्याचे नाव खवलोजी.

तुम्ही विचाराल, जंगलात मोटारसायकल कुठून आली? सांगतो. फार पूर्वी काही माणसे तिथल्या ओढ्यात खेळायला आली होती. माणसे जिथे जातात तिथे काहीतरी टाकून येतात. या वेळी गाड्या टाकून गेली.

या गाड्या साध्या नव्हत्या. त्यांना ट्रायल्सच्या गाड्या म्हणतात. त्या पळवायच्या नसतात. त्यांना धड सीट नसते, उभ्यानेच चालवायच्या. दगड, चिखल, पाणी यांतून गोगलगाईच्या चालीने न्यायच्या आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. पाय टेकला की एक दोष. ज्याचे दोष कमी, तो जिंकला. घाई करणारा हमखास हरतो. माणसांना हा खेळ फार दिवस मानवला नाही, यात नवल नाही.

जंगलाला मात्र त्याचे वेड लागले. ससे क्लचवर बोलू लागले. माकडे साखळीवर वाद घालू लागली. कासव ब्रेकवर सल्ला देऊ लागले. चालवणारे थोडे आणि बोलणारे पुष्कळ, अशी त्या छंदाची छान वाढ झाली.

खवलोजी बोलणाऱ्यांतला नव्हता. त्याला गाडी मिळाली तेव्हा ती गंजाचा ढीग होती. त्याने टाकीत चिंचेचे पाणी आणि मूठभर गारगोट्या घालून ती रोज सकाळी हलवली, आतला गंज सुटेपर्यंत. चाकाच्या तारा नखाने एकेक वाजवून पाहिल्या. जी ठण्ण वाजली ती ठेवली, जी ठप्प वाजली ती कसली. क्लचच्या तारेला करंजाचे तेल पाजले. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जाण्याचे जे सुईएवढे भोक असते, ते तो आपल्या लांब जिभेने साफ करी. त्या दिवशी जेवणातल्या मुंग्यांनाही पेट्रोलची चव येई. तो तक्रार करत नसे.

त्याचे दुःख वेगळेच होते.

खवल्या मांजर घाबरले की काय करते, ठाऊक आहे ना? अंगाचे वेटोळे करून चेंडू होते. वाघ आला तर हा उपाय उत्तम. मोटारसायकलवर तितकासा नाही.

ओढ्याचे पाणी पिण्याचे. म्हणून वर्षातून एकच दिवस, पौष शुद्ध अष्टमीला, तो गाड्यांना मोकळा होई. त्या दिवशी खवलोजी ओढ्यात उतरे. लहान दगड पार करी, डोह पार करी. मग मधोमध मोठा धोंडा येई. पुढचे चाक धोंड्यावर चढले, गाडीचे नाक आभाळाकडे गेले, की इंजिन बंद. इंजिन बंद पडले की खवलोजी घाबरे. घाबरला की चेंडू. मग गाडी एकीकडे आणि खवलोजी धोंड्यावरून गडगडत डोहात. काठावरची माकडे ओरडत, "चेंडू आला रे, झेला." तोही त्यांच्याबरोबर हसे. घरी जाऊन मात्र दोन दिवस तसाच गुंडाळलेला राही.

त्याला बक्षीस नको होते. एकदा, फक्त एकदा, त्याला चेंडू न होता पलीकडच्या काठावर जायचे होते.

आणि त्या द्वितीयेला त्याला बिघाडाचे मूळ सापडले. कार्बोरेटरच्या पोटात एक पितळी फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसे आले की तो वर येऊन दार लावतो. खवलोजीच्या गाडीतला फ्लोट दार लावायला उशीर करत असे. गाडी सपाट असली तर चालून जाई. नाक वर झाले की पेट्रोल भसाभसा आत येई आणि इंजिन गुदमरे. खवलोजीने फ्लोटची बारीक पट्टी नखाने केसभर वाकवली. सगळे परत बसवले. गाडीचे पुढचे चाक वारुळावर चढवले आणि किक मारली.

इंजिन चालू झाले आणि चालूच राहिले. खवलोजी कान देऊन बसला. ऊन कलले तरी ते चालूच होते.

शेजारच्या भेकरवहिनी तणतणत आल्या. भेकराची जात, साध्या पानाच्या आवाजाने दचकून भुंकणारी. सकाळपासून भुंकून त्यांचा घसा बसला होता.

"भावोजी, हे बंद होतं की नाही?" त्यांनी विचारले.

"नाही वहिनी," खवलोजी म्हणाला. "आता बंदच होत नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून वहिनींनी चार काड्या गवत उपटले. ते कानात घालून त्या परत गेल्या.

आता मुलांनो, गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण जंगलात एक समिती होती.

तिचे नाव वारसा जतन समिती. अध्यक्ष होते पिसाजीराव मोर. पिसाजीरावांनी गाडी कधी चालवली नव्हती. पिसारा साखळीत अडकतो. पण गाड्यांबद्दल त्यांना फार वाटे. जो तो गाडीत स्वतःचे काहीतरी घुसडतो आणि जुन्या गाडीचे जुनेपण जाते, याचे त्यांना वाईट वाटे. म्हणून त्या वर्षी त्यांनी नियम केला. आधी अस्सलपणाची तपासणी, त्यात उतरेल त्यालाच ओढा.

षष्ठीला तपासणी झाली. आभाळ थोडे भरलेले, पाऊस नाही.

पहिली गाडी तरसोबा तरसाची. ती त्याच्या गुहेबाहेरच्या झाडाखाली माणसांनी टाकली तशीच पडून होती. हँडलवर गुळवेल चढली होती. सायलेन्सरमध्ये घुशीने घर केले होते. टायर कुणीतरी खाल्ले होते. तरसोबाने आजवर तिच्याकडे पाहिलेही नव्हते. तपासणीसाठी ती चार कोल्ह्यांनी उचलून आणली.

पिसाजीराव तिच्याभोवती हळूहळू फिरले. त्यांचे डोळे भरून आले.

"एकाही नटाला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "याला म्हणतात जतन."

तरसोबा हसला. तरस तसेही हसतच असते, त्यामुळे तो विनय आहे असे सर्वांना वाटले.

मग खवलोजीची पाळी आली. पिसाजीरावांनी टाकी पाहिली, तारा पाहिल्या, साखळी पाहिली. सगळे जुनेच होते, फक्त स्वच्छ होते. स्वच्छतेबद्दल त्यांनी नापसंती दाखवली, पण तेवढ्यावर भागले असते. शेवटी त्यांनी किक मारायला सांगितली आणि दोन रानडुकरांकडून पुढचे चाक उचलवले. इंजिन चालूच. आणखी उचलायला सांगितले. इंजिन चालूच.

"खवलोजी, आत हात घातलात," पिसाजीराव दुखावल्या आवाजात म्हणाले.

खवलोजीने पट्टीचे सांगितले. केसभरच वाकवली आहे, नवे काही घातलेले नाही, बिघाड होता तो काढला, असे तो म्हणाला.

"अहो, बिघाड कुणाचा? तुमचा आहे का? आमच्या आजोबांपासून ही गाडी मोठ्या धोंड्यावर बंद पडत आली आहे. तो तिचा स्वभाव आहे. उद्या तुम्ही माझा आवाज गोड करायला निघाल."

यावर रानडुकरांनी चाक खाली ठेवले. पिसाजीरावांचा आवाज सर्वांच्या परिचयाचा होता.

निकाल असा लागला की खवलोजीने अष्टमीच्या आत बिघाड पूर्ववत करावा, नाहीतर ओढ्याकडे फिरकू नये.

खवलोजी गाडी ढकलत घरी आला. चालू करून आणण्याचेही त्याच्या मनात आले नाही. भेकरवहिनींनी त्याला पाहिले आणि काय झाले ते विचारून घेतले. मग त्या म्हणाल्या की पट्टी आत असते, मोराला दिसणार नाही. समितीने चाक उचलले की एकदा बंद पडल्याचे नाटक करायचे आणि मोकळे व्हायचे.

खवलोजीला ते पटले नाही. प्रश्न खोटे बोलण्याचा नव्हता. त्याला नाटकी बिघाड करायची लाज वाटत होती. करायचा तर नीट करावा, असे त्याचे म्हणणे.

तो कामाला बसला. पट्टी केसभर उलटी वाकवली. वारुळावर चाक चढवून पाहिले. गाडी फार लवकर बंद पडली. हे काही बरोबर नव्हते. पूर्वी ती आधी एकदा खोकायची, मग जरा थांबायची, मग दोनदा खोकायची आणि मग जीव सोडायची. खवलोजीने पट्टी पुन्हा काढली, पुन्हा वाकवली. गाडी उशिरा बंद पडली. पुन्हा काढली. सप्तमीचा सगळा दिवस त्यात गेला. संध्याकाळी गाडी एकदा खोकली, थांबली, दोनदा खोकली आणि बंद पडली. अगदी आजोबांच्या काळची.

आणि मुलांनो, तेव्हा खवलोजीच्या ध्यानात आले की दिवसभरात गाडी इतक्या वेळा बंद पडली, पण तो एकदाही चेंडू झाला नव्हता.

"वहिनी," त्याने कुंपणापलीकडे हाक मारली, "बिघाड आता ओळखीचा झाला. कधी येतो, किती वेळ बसतो, काय घेतल्यावर जातो, सगळं कळलं."

"म्हणजे आमच्या जावेसारखा," वहिनी म्हणाल्या आणि पानांचा आवाज झाला म्हणून भुंकल्या.

अष्टमी. थंडी कडक, आभाळ निरभ्र, ओढ्याला पाणी गुडघाभर. समितीने पुन्हा खवलोजीचे चाक उचलून पाहिले. गाडी खोकून बंद पडली. पिसाजीरावांनी मान डोलावली.

ओढ्याच्या अलीकडे दोन काठ्या आणि पलीकडे दोन काठ्या रोवल्या होत्या. त्यांच्या मध्ये पाय टेकला तर दोष. तपासणीत दोनच गाड्या उतरल्या होत्या, कारण बाकीच्या सर्वांनी आपापल्या गाड्या वर्षानुवर्षे सुधारल्या होत्या. ते सगळे काठावर बसून ओढा कसा पार करावा यावर बोलत होते.

आधी तरसोबाचे नाव पुकारले. कोल्ह्यांनी गाडी काठ्यांपर्यंत आणली. तरसोबाने किक मारली. घूस बाहेर आली आणि सर्वांकडे पाहून परत आत गेली. आणखी काही झाले नाही. तरसोबा बराच वेळ तिथे उभा राहिला, मग सावलीत जाऊन बसला.

खवलोजी उतरला. लहान दगड गेले. डोह गेला. पाणी चाकांच्या आसापर्यंत आले आणि मागे पडले. मोठा धोंडा समोर आला. पुढचे चाक वर चढले.

इंजिन एकदा खोकले.

काठावरच्या माकडांनी झेलायला हात पुढे केले.

इंजिन थांबले. दोनदा खोकले. बंद पडले.

खवलोजीच्या पाठीवरचे खवले ताठ झाले. मान आत वळू लागली. मग, वारुळावरची जी सवय लागली होती तिने, त्याने नुसता श्वास सोडला. आपले जाड शेपूट मागच्या खडकाला टेकले. गाडी शेपटावर तोलली गेली, जशी घडवंची उभी राहते तशी. दोन्ही पाय गाडीवरच होते. त्याने हँडल थोडे वळवून गाडीचे नाक हळूच खाली घेतले. जास्तीचे पेट्रोल उतरू दिले. घाई केली नाही. मग मूठ पूर्ण पिळून किक मारली. एकदा. परत एकदा.

निळा धूर आला. मागचे चाक धोंड्याला धरून वर आले आणि गाडी पलीकडे उतरली.

पलीकडच्या काठावर पोचल्यावर खवलोजी गाडीवर तसाच उभा राहिला. हा काठ त्याने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. तिथेही गवतच होते. त्याने ते नीट पाहून घेतले.

अलीकडे समिती बसली. शेपूट म्हणजे पाय की काय, यावर बराच खल झाला. रानडुकराचे म्हणणे, शेपूट ते शेपूट. पिसाजीरावांना हे मान्य होते, पण शेपटाला पूर्ण सूट दिली तर उद्या हत्ती सोंड टेकेल, अशी त्यांना भीती वाटली. शेवटी, फक्त आजपुरते शेपूट हा पाय समजावा, असे ठरले.

मग तरसोबाचे दोष मोजायला घेतले. काठ्यांच्या मध्ये त्याचा पाय एकदाही टेकला नव्हता. रानडुक्कर म्हणाले की तो काठ्यांच्या मध्ये गेलाच नव्हता. नियमात जाण्याबद्दल काही नाही, टेकण्याबद्दल आहे, असे पिसाजीरावांनी निदर्शनाला आणून दिले.

निकाल जाहीर झाला. तरसोबा तरस, दोष शून्य, पहिला. खवलोजी खवल्या, दोष एक, दुसरा.

तात्पर्य : प्रयत्नांती दुसरा नंबर. पहिला हवा असेल, तर गाडी झाडाखालीच राहू द्यावी.