चप्पल घालूनच आत यावे

राज्य जाते तेव्हा घोडे, बंदुका आणि मडमा सोबत नेता येतात. नियम मात्र इथेच सोडून जावे लागतात. अमरावतीच्या कॅम्पातल्या एका बंगल्यात असाच एक नियम राहून गेला. तिथल्या इंग्रज साहेबाने ठरवले होते, की नेटिवांनी जोडे बाहेर काढून आत यावे. साहेब गेला. बंगल्यात सरकारी ऑफिस आले, कौले जाऊन पत्रे आले, पंखा ओढणारा जाऊन कूलर आला (तो ओढावा लागत नाही, बुक्की मारावी लागते). जोडे बाहेरच राहिले.

या जोड्यांचे राखणदार म्हणजे शिपाई डोमाजी. एकतीस वर्षांत त्यांच्या दारातून एकही जोडा हरवला नाही, आणि याचा त्यांना तोरा होता. का नसावा? देवळाबाहेरही एवढी हमी मिळत नाही.

यंदा पौर्णिमा मॅडम अधिकारी म्हणून आल्या. बाई सज्जन. गुलामीची ही खूण पाहून त्यांना मनापासून वाईट वाटले आणि त्यांनी लेखी आदेश काढला. दारावर पाटी लागली: 'चप्पल घालूनच आत यावे. अनवाणी व्यक्तीस प्रवेश नाही.' अंमलबजावणी डोमाजींकडे. त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणतात.

महिनाअखेरीस अहवाल गेला. आलेले लोक दोनशे चौदा, चपला काढणारे दोनशे अकरा. उरलेले तिघे पोस्ट ऑफिस शोधत आले होते. शिकलेली माणसे आधी पाटी वाचत आणि सरकारी पाटीचा मान राखून मग चपला काढत.

तो वाचून मॅडमनी डोमाजींना ताकीद दिली, की यापुढे अनवाणी एकालाही आत सोडायचे नाही. अशात एका शुक्रवारी, पाचाला वीस कमी असताना, वलगावच्या मैनाबाई आल्या. नातीच्या हॉस्टेलच्या कागदावर मॅडमची सही पाहिजे होती. पाचच्या आत कागद समोरच्या हॉस्टेलात गेला नाही तर जागा दुसरीला. मैनाबाईंनी चप्पल काढली आणि डोमाजी आडवे आले.

"बाई, चप्पल घाला."

"कावून?"

"हुकूम हाय."

"साहेबापुढं चप्पल घालून जाऊ? माह्या बापानं असं केलं नाही."

"मंग सही होत नाही."

"चाळीस वर्सापासून आमी चपला काढून राहिलो, तवा कोणी अडवलं नाही, अन् आता तू अडवतं?"

बाईचे म्हणणे डोमाजींना मनातून शंभर टक्के पटले होते. पाचाला दहा कमी झाले. पोरीचे वर्ष जाईल या धास्तीने त्यांनीच कागद घेतला आणि सवयीने अनवाणी आत गेले. मॅडमनी त्यांच्या पायांकडे पाहिले. ते बाहेर आले, चप्पल घातली, आणि उंबरठ्यावर त्यांचा पाय काही उचलेना. घामाघूम झाले बिचारे.

शेवटी मॅडमच उठल्या. बाहेर ओट्यावर येऊन, मैनाबाईंशेजारी बसून त्यांनी सही केली. वेळ चार छप्पन. मैनाबाईंनी चप्पल घातली आणि म्हातारी अशी पळाली की बस्स! इतक्या वर्षांत त्या बंगल्यातला अधिकारी पहिल्यांदाच ओट्यावर बसला होता. मॅडमना फार हलके वाटले. डोमाजींचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात गाडी थांबली. वरच्या ऑफिसातून मोठे साहेब, न सांगता. ते बूट वाजवत सरळ आत गेले आणि मॅडमच्या खुर्चीत बसले. मॅडम लगबगीने मागे निघाल्या, आपल्याच खोलीच्या दाराशी क्षणभर थबकल्या, आणि सँडल काढून आत गेल्या.

डोमाजींनी सँडल उचलून भिंतीशी नीट जोडीने लावल्या. पाटीकडे त्यांनी पाहिले नाही.

वाचकांनी खुशाल हसावे. आपण शहाणे, आपण बूट घालूनच आत जातो. फक्त पुढच्या खेपेला साहेबाचे दार अर्धे उघडून "येऊ का सर?" विचाराल, तेव्हा आपला घरचा आवाज बाहेर कुठे काढून ठेवला आहे, ते बघून ठेवा. त्यावर नजर ठेवायला तिथे डोमाजी नसतात.