क्रॅबथ्वेट घराण्याचा सिंह

नॉर्मन क्रॅबथ्वेटने आपल्या आडनावाचं मूळ शोधायचं ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

यॉर्कशरमधल्या त्या गावात या आडनावाची तीनच माणसं उरली होती: तो, बायको एनिड आणि मुलगी जॅनिस. जॅनिसचं शनिवारी कीथ डगडेलशी लग्न, म्हणजे ती डुकरं पाळणाऱ्यांच्या घरात जाणार. (‘डुकरं’ हा शब्द नॉर्मन नाक मुरडूनच उच्चारी.) तिने नाव बदललं की क्रॅबथ्वेट संपले.

"एक तरी सांगण्यासारखा पूर्वज दाखवा, बाबा. मग ठेवते नाव," ती म्हणाली होती.

एवढं भारदस्त नाव सरदाराशिवाय कुणाचं असणार? नॉर्मनने लग्नाच्या केकवर घराण्याचं मानचिन्ह म्हणून एनिडकडून बदामाच्या लगद्याचा सिंह बसवून घेतला, वधुपित्याच्या भाषणात तीन लढाया घातल्या आणि गुरुवारी, राहिलाच आहे तर पुरावाही आणावा म्हणून, चर्चमध्ये गेला.

पाद्रीबाईंनी जुनी नोंदवही उघडली. "सापडला तुमचा पहिला क्रॅबथ्वेट! टाकून दिलेलं मूल."

"टाकून दिलेलं?"

"अहो, तेव्हाची रीतच होती. बेवारस पोर जिथे सापडेल, त्या जागेचं नाव त्याला द्यायचे."

"मग ती जागा म्हणजे गढी असेल!" नॉर्मनचा आवाज चिरकला.

"छे, क्रॅबथ्वेट म्हणजे डगडेलांच्या मळ्यावरचा डुकरांचा गोठा. अजून आहे की!"

नॉर्मनने घरी येऊन दोघींना सगळं सांगितलं आणि तो खुर्चीत कोसळला. हेच नाव त्याचे वडील दर वसंतात दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या हाताने रंगवायचे. त्याला खरंच रडू आलं.

जॅनिस शेजारी येऊन बसली. "बाबा, पोरगं डुकरांत पडूनही जगलं. पूर्वज झकास आहे."

"मग ठेवशील नाव?" नॉर्मनने डोळे पुसले.

"आता कशाला? शनिवारपासून अख्खा गोठाच माझा. वर पाटी कशाला मिरवू?"

झालं, संपलं सगळं! नॉर्मन स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "एनिड, तो सिंह काढ केकवरून!"

"काढायचा कशाला? आयाळ कापली, शेपटीला पीळ दिला. फक्कड डुक्कर झालंय. व्याही खूश होतील."

"आणि तोंड?"

"तोंडाला हातच लावावा लागला नाही," एनिड सुरी पुसत म्हणाली. "ते मी तुझ्याकडे बघूनच केलं होतं."