टकटक भाव पाडायला जातो

"आत गेल्यावर तू एक अक्षर बोलायचं नाहीस," टकटकने फाटकाबाहेरच बायकोला बजावलं. "घर आवडलं तरी चेहरा पाडायचा."

"आणि नाही आवडलं तर?"

"तरी पाडायचा."

"म्हणजे तुमच्यासोबत असताना असतो तसाच ठेवू," बायको म्हणाली.

टकटक बँकेसाठी घरांचं मूल्यांकन करायचा. कोणी कर्ज मागितलं की बँक याला पाठवायची, आणि हा घर मोजून, भिंतींवर बोटाने टकटक करून त्याची किंमत कागदावर उतरवायचा. वीस वर्षं हेच केल्यावर सवय हाडात मुरते. पाहुण्यांकडे गेला तरी चहा येईपर्यंत तो त्यांची एखादी भिंत वाजवून घ्यायचा, म्हणून नातेवाइकांनी हे नाव ठेवलेलं. मी त्याला फार जवळून ओळखतो. त्याचा चष्मा आत्ता माझ्याच नाकावर आहे. पण ही गोष्ट 'मी' म्हणून सांगायला जी हिंमत लागते ती माझ्याकडे नाही, तेव्हा 'तो'च बरा.

तर हजारभर घरांची किंमत ठरवणारा हा माणूस स्वतः भाड्याच्या घरात राहत होता. घर पाहावं बांधून म्हणतात, याने नुसतंच पाहिलं. नऊ वर्षांत बायकोला पसंत पडलेली सहा घरं त्याने नापास केली. एकाला ओल होती, एकाच्या खिडक्या वाकड्या होत्या, आणि एकात काहीच खोट सापडेना म्हणून त्याला संशय आला. आता घरमालकाचा मुलगा परत येत होता आणि महिनाअखेरीला जागा रिकामी करून द्यायची होती. आदल्या दिवशी बायको अगदी शांतपणे म्हणाली होती, "हे सातवं. हे पण हातचं गेलं तर मी मुलांना घेऊन आईकडे जाते. तुम्ही तुमच्या एखाद्या भिंतीकडे जा." ती ओरडून बोलली असती तर तो इतका घाबरला नसता.

घर जुन्या वसाहतीत होतं. एका गल्लीत चौदा बैठी घरं, एकाच बांधकामवाल्याने एकाच वर्षी एकाच नकाशावरून बांधलेली. त्यातलं हे निवृत्त पोस्टमनकाकांचं. तीन खोल्या, लाकडी खिडक्या, मागच्या दाराशी कपडे धुवायचा दगड आणि वर एक मोठं झाड. टकटकने पहिल्याच भिंतीवर बोट वाजवलं आणि त्याचा जीव हरखला. भिंत भरीव, छत खडखडीत कोरडं, दारं एका बोटाने लागत होती. अशा वेळी शहाणा माणूस किंमत विचारतो आणि हो म्हणतो. पण टकटकला आधी भाव पाडायचा होता.

"हं," तो म्हणाला.

हा त्याचा धंद्यातला 'हं' होता. भल्याभल्यांच्या किमती त्याने खाली आणल्या होत्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"ही भेग किती वर्षांची?"

काकांनी चष्मा चढवला. तुळईच्या टोकाखाली केसाएवढी रेघ होती. "ही होय? असेल बुवा. मी कधी पाहिली नाही."

"वरून बारीक दिसते, काका. पण ती पायाकडून आलेली असते. जमीन पण इकडे उतरलीये. या खोलीत कोण झोपतं?"

"मीच."

"हं."

काकांचा चेहरा उतरला. "अहो, पस्तीस वर्षं झोपतोय मी इथे!"

"मागचं सोडा हो काका," टकटक म्हणाला, "पुढचं काही सांगता येत नाही." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने तुळईलाही वाळवीची भीती घालून टाकली.

काका खुर्चीत बसले. त्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेचे माणूस, तुम्हाला कळतं. संपलं. मला घर विकायचं नाही."

"का?"

"तुम्हाला दोन लेकरं आहेत म्हणालात ना? उद्या त्यांच्या डोक्यावर काही पडलं तर पापाचा धनी कोण? मी अशी चीज कोणाच्या गळ्यात मारणार नाही."

बायकोने टकटककडे पाहिलं. चेहरा पाडायला आता तिला सांगावं लागलं नव्हतं.

"तसं नाही हो काका," टकटक घाईघाईने म्हणाला. "भेग म्हणजे काय, नुसता वरचा गिलावा..."

"आत्ताच पायाकडून आली म्हणालात."

"येते, पण मध्येच थांबते."

काकांचं लक्षच नव्हतं. ते सज्जन होते, आणि सज्जन माणूस संकट एकट्याने भोगत नाही. कुंपणापाशी जाऊन त्यांनी हाक मारली, "ओ शिंपीबुवा! तुमच्या तुळईखाली भेग आहे का बघा! बँकेचे साहेब आलेत, घरं बसणार म्हणतात!"

चौदा घरं एकाच नकाशाची. एकाला पडसं झालं की सगळ्यांनी शिंकायचं, हा गल्लीचा नियमच होता. पाच मिनिटांत शिंप्याचं शिलाई मशीन अंगणात आलं, त्यामागून गादी, आणि सगळ्यात शेवटी त्याचे सासरे. पलीकडची एक बाई कपबशा टोपलीत भरून रस्त्यात उभी राहिली. "साहेब, आमचं पण बघा", "आमचं आधी बघा", असा गलका झाला.

"झालं समाधान?" बायकोने हळूच विचारलं.

टकटकने विचार केला. गल्ली घाबरलेली असेल तोवर काकाही घाबरलेले राहणार. काकांना शांत करायचं तर आधी गल्ली शांत करायला हवी. याचा अर्थ चौदाच्या चौदा घरं आज पास करायची. नापास करण्यात त्याचा हातखंडा होता. पास करायची मात्र जिभेला सवय नव्हती.

पहिल्या चार घरांत तो खरं बोलला. घरं खरोखरच दणकट होती. पाचव्या घरापासून लोकांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून त्याला चेव चढला.

"साहेब, बैठकीत उतार आहे."

"मुद्दाम दिलाय. पाणी निघून जातं."

"बैठकीत कसलं पाणी?"

"पाहुणे तरी निघून जातात ना?"

शिंप्याचे सासरे सोडून सगळे हसले. दहाव्या घरापर्यंत अख्खी गल्ली त्याच्या मागून फिरत होती, सगळ्यांत पुढे काका. बायको केव्हा मागे राहिली हे त्याला कळलंही नाही.

शेवटचं घर निवृत्त नर्सबाईंचं. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. मागच्या खोलीतलं कपाट त्यांनी सरकवलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग होती. टकटकने बोट लावलं, ते आत गेलं. दोन पेरं गेलं. एरवी त्याने लाल शाईने पान भरलं असतं. पण दारात सगळी गल्ली श्वास रोखून उभी होती, आणि काका म्हणत होते, "हे शेवटचं. एवढं पास झालं की माझी काळजी मिटली."

टकटकने बोट बाहेर काढलं आणि खिशाला पुसलं. "सिस्टर, ही भेग नव्हे. जुनं घर आहे, श्वास घेतंय."

टाळ्या पडल्या. सिस्टरनी टाळी वाजवली नाही. ताप लपवणाऱ्या रुग्णाकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

विजयी टकटक काकांच्या ओट्यावर परतला. "मग काका, आता ठरवून टाकायचं?"

"ठरवलं की!" काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकं मजबूत घर कोण विकतो हो? मुलीला आत्ताच फोन केला, तुझ्याकडे येत नाही म्हटलं. साहेब, फार उपकार झाले तुमचे."

सातवं घर गेलं होतं, आणि या वेळी ते टकटकने नापास करून नाही, पास करून घालवलं होतं. बायकोला आता काय सांगायचं हे जुळवत तो तिला शोधायला निघाला. ती सिस्टरच्या मागच्या पायरीवर चहा पीत बसली होती.

"काकांनी नाही म्हटलं ना?" ती म्हणाली. "म्हणणारच होते. मी इथे ठरवलं. सिस्टर बहिणीकडे राहायला चालल्यात. हे घर आपलं."

गप्प बसायचा मोह टकटकला झाला. महिनाअखेर, मुलं, आईकडची धमकी, सगळं एका 'बरं'ने मिटणार होतं. पण या घरात त्याची मुलं झोपणार होती.

"अगं, नको," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. भिंत फाटलीये. माझं बोट आत गेलं, दोन पेरं."

"माझं तीन गेलं," बायको म्हणाली. "तुम्ही पाहुणे घालवत होता तेव्हा सिस्टरनी मला कपाट सरकवून दाखवलं. स्वतःच्या घराची खोट स्वतः सांगितली, आणि दुरुस्तीचे पैसे न मागता किमतीतून कमी केले. आज अख्ख्या गल्लीत खरं बोलणारं एकच माणूस भेटलं मला. आता दुसरं भेटलं," तिने त्याच्याकडे पाहिलं, "पण जरा उशिरा."

टकटक तिच्या शेजारी पायरीवर बसला. सिस्टरनी त्याच्याही हातात कप दिला.

घर झालं. मुलं पुढच्या खोलीत झोपतात. अडचण एकच उरली. राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी गवंडी आला, तर सगळी गल्ली जमली. "साहेब," काका कळवळून म्हणाले, "भिंत बुजवलीत तर घराने श्वास कुठून घ्यायचा?" आता खरं सांगावं तर बाकीच्या तेरा घरांवरचा विश्वास उडाला असता आणि शिंप्याचे सासरे पुन्हा अंगणात आले असते. म्हणून गवंडी दर रविवारी बायकोचा भाऊ बनून येतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, आणि फळांखाली थापी. भेग वीतभर बुजते, मग तो जेवून जातो.

परवा काकांनी त्याला फाटकाशी गाठलं. "मेहुणे, इतक्या वेळा येता, पण तुम्ही काम काय करता ते कळलं नाही."

आत खिडकीमागे टकटकने डोळे मिटून घेतले.

गवंड्याने नखातलं सिमेंट पाहिलं. "दाजी काहीतरी बोलून बसतात," तो म्हणाला, "मी ते निस्तरतो."

"हां," काका मान हलवत म्हणाले, "आमच्याकडे हे काम माझी बायको करायची."