विचाराधीन रजा

“मेलं ते यंत्र, लगेच उत्तर मागतं!” आस्थापना विभागातल्या बाई दातांत टाचणी धरून पुटपुटल्या.

गाऱ्हाणं रास्त होतं. कार्यालयं कागद सोडत नाहीत, याला लोक आळस म्हणतात. हा निव्वळ अन्याय आहे. बाईंच्या कार्यालयात रजेचा अर्ज संगणकावर भरला जाई, मग छापला जाई, त्यावर सही होई, सहीचा कागद पुन्हा संगणकात चढवला जाई आणि नीट चढला का ते पाहायला पुन्हा छापला जाई. आळशी माणसांना हे झेपेल?

खोट यंत्रातच होती. त्याला ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोनच बटणं. कागदाला तिसरी सोय असते : खण. खणातला अर्ज मंजूरही नसतो नि नामंजूरही. तो ‘विचाराधीन’ असतो. (यात कुणाचंही मन दुखावत नाही. अर्जदाराचं दुखावतं, पण तो कार्यालयात मोडत नाही.) बाईंनी स्वतः कितीजणांना “कागद आत गेलाय, बघू” म्हणून चहा पाजून प्रेमानं परत पाठवलं होतं.

आता त्यांचाच अर्ज खणात होता. लेकीचं पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, जावई बोटीवर. “आई, येतेयस ना? नाहीतर मावशीला विचारते,” लेक रोज म्हणे. बाईंच्या तोंडून सवयीनं निघे, “बघू गं.”

शेवटी त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“माझ्या रजेचं काय झालं, साहेब?”

“कागद माझ्याकडेच आहे, बाई. बघतो ना.”

“बघू नका. सांगा.”

साहेबांनी खणाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. (वाचकांनी त्यांच्यावर खुशाल दात-ओठ खावेत. फक्त थोरल्या बहिणीचा “येऊन जाशील का?” हा निरोप ज्यांच्या फोनात वाचून, उत्तराविना पडलाय, त्यांनी जरा बेतानं.)

“नाही जमणार,” साहेब म्हणाले. “तुम्ही गेलात तर हे कागद सापडणार कुणाला?”

बाईंनी जिन्यातूनच फोन लावला. “बाळा, मला नाही येता येत. मावशीला बोलावून घे.”

“मावशी कालच गेली, सुनेकडे. तिनं दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, आई येतेय बहुतेक.”

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग लेकच हळूच म्हणाली,

“आई, आपण ‘बघू’ म्हणतो ना, तेव्हा ते आधीच ‘नाही’ असतं, नाही का गं?”