सात वेळा फाटलेला पडदा

टेबल पुसताना धाकट्याची वही आईच्या हाती लागली आणि उघड्या पानावर तिची नजर गेली.

"९.१० – पडदा मधोमध फाटला. ९.२५ – सतरामध्ये चार टाकले. हिरव्या रेषा. ९.४० – सतरामध्ये पाच टाकले. सगळं काळं. बंद करून चालू केल्यावर ठीक. १०.०५ – पडदा पुन्हा फाटला. कुणाला सांगून उपयोग नाही."

आईनं वही भिंगाखाली धरून पानाच्या तळापर्यंत वाचली आणि पडदा किती वेळा फाटला ते मोजलं: सात वेळा. पोराच्या डोळ्याचा पडदा फाटला होता आणि पोरगं तोंडातून ब्र काढत नव्हतं!

खरी गोष्ट अशी होती की धाकटा ड्रायव्हर लिहायला शिकत होता. गाडीचा नव्हे; संगणक आणि चित्र दाखवणारं कार्ड यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम. ऑफिसातल्या पन्नास यंत्रांत हे जुनं कार्ड होतं, ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि साहेबांनी "घरी ने, शिकून घे" म्हणून एक त्याच्या गळ्यात मारलं होतं. सोबत चार पानी माहितीपत्रक. त्यातलं एक पान हमीचं, एक स्क्रू कसे पिळावेत याचं आणि उरलेल्या दोन पानांवर कार्डातल्या खणांची यादी. बहुतेक खणांपुढे एकच शब्द – "राखीव". मग काय, एकेका खणात आकडा टाकायचा, काय बिघडतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. आंधळ्यानं हत्ती चाचपावा तसा तीन आठवडे हा उद्योग चालला होता. हलणारं चित्र मधूनच चिरल्यासारखं दिसे, वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा जुना. त्याला तो पडदा फाटणं म्हणे. विचार मराठीत येत, म्हणून वहीही मराठीत. 'स्क्रीन' लिहायला तीन अक्षरांचं जोडाक्षर लागतं, 'पडदा' कसा सुटसुटीत.

आईनं थोरलीला फोन केला. थोरली शाळेत शिकवते आणि घरी आली तरी शिकवायचं थांबवत नाही.

"सतरा नंबरचं कसलं तरी औषध घालतोय गं डोळ्यात," आई म्हणाली. "चार थेंब, पाच थेंब. स्वतःच्या मनानं!"

"तू त्याला काही विचारू नकोस. कबूल करणार नाही. तुझ्या चष्म्याचं निमित्त काढ, मी गाडी घेऊन येते."

आई धाकट्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "अरे, मला जरा डोळ्यांचं—"

"आई, पाच मिनिटं!"

"डॉक्टरकडे जायचंय. चल."

नंबर बदलला असेल, असं म्हणत धाकटा कुरकुरत उठला. तासाभरानं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, तेव्हा थोरलीनं त्याचंच नाव सांगून त्यालाच खुर्चीत दाबून बसवलं आणि वही पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"एका दिवसात सात वेळा फाटला? आणि हे 'बंद करून चालू केल्यावर ठीक' म्हणजे? कुणाला बंद केलं?"

"कार्डाला! अहो, माझे डोळे ठणठणीत—"

"सगळे असंच म्हणतात," थोरली म्हणाली. "सतरा नंबरचं औषध कुठून आणलंस ते सांग आधी."

"सतरा नंबरचा खण आहे तो!"

"बघा, आता खण म्हणतोय. डोळ्यात कधी खण असतो का, डॉक्टर?"

"हिरव्या रेषा मला पण—" आई म्हणाली.

"आई, तू थांब गं," दोघं एकदम म्हणाली आणि पुन्हा जुंपली.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर टॉर्च आपटला. "एकाचं पुरं होऊ द्या, मग दुसऱ्यानं सुरू करा! तिघांची अर्धी अर्धी वाक्यं जोडून मला काही कळत नाही. आजी, तुम्ही बोला."

आई ओशाळली.

"हिरव्या नाही, पण रेषा मला पण दिसतात. डाव्या डोळ्यात. चार दिवस झाले, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतं. वहीत पडदा वाचलं आणि वाटलं, माझंच दुखणं पोराला लागलं की काय."

आता खुर्चीत आई बसली. तपासणी बराच वेळ चालली. आईच्या पडद्याला बारीक चीर होती. "आणखी आठवडाभर उशीर झाला असता, तर या डोळ्याची आशा नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज लेझरनं बंद करू."

बाहेरच्या बाकावर धाकटा वही मांडीवर घेऊन बसला. परवा आईनं चहा कपाच्या बाहेर ओतला, तेव्हा "लक्ष कुठे असतं तुझं?" असं तोच म्हणाला होता. एका मेलेल्या कंपनीच्या कार्डाची बारीकसारीक कुरकुर त्यानं वेळेसकट टिपली होती. आईचं एक वाक्य पुरं ऐकलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. नजर चुकवायला त्यानं पानं उलटली, तर तीन आठवड्यांपूर्वीची, कामाच्या दुसऱ्याच दिवशीची नोंद समोर आली: "खण तेवीस, राखीव. आपोआप शून्याचा एक, एकाचा शून्य होतो. दुर्लक्ष करणे."

तो बघतच राहिला. कार्ड पहिल्यापासून सांगत होतं – शून्य म्हणजे माझं चित्र चालू आहे, एक म्हणजे आता पुरं झालं. हाच मधे तोंड घालत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं चार ओळी बदलल्या. तेवीस नंबरचा खण 'पुरं झालं' म्हणेपर्यंत नवं चित्र पाठवायचं नाही, एवढंच. पडद्यावर चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, कुठेही न चिरता.

डोळ्यांवरचा काळा चष्मा सावरत आई मागे येऊन उभी राहिली. "काय केलंस रे?"

"काही नाही. त्याचं पुरं होऊ दिलं, मग माझं सुरू केलं."

"हेच मी तुला लहानपणापासून—"

"हो गं, माहितेय—" धाकटा म्हणाला आणि जीभ चावून थांबला. त्यानं कीबोर्ड बाजूला सारला, खुर्ची वळवली आणि हात मांडीवर ठेवले. "बोल. तुझं होऊ दे."

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"असा टक लावून बसलास तर कसं व्हायचं?" ती म्हणाली. "विसरले ना मी काय सांगायचं होतं ते."