सहा फुटी, बहिऱ्या बॅटरीचोराचं प्रकरण

लग्न ठरलं तेव्हा मावशीने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलगा सोन्यासारखा आहे, सासू गरीब आहे. फक्त सासऱ्यांना जरा जपून. ते गुप्तहेर आहेत."

"म्हणजे पोलिसात होते?"

"नाही गं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. गुप्तहेर ते आपले स्वतःहून आहेत."

ती खळखळून हसली होती. मावशीला काय, भाजीवाल्याची तागडीसुद्धा आपल्याकडे डोळे वटारून बघतेय असं वाटायचं. पण लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी चहाचा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सूनबाई, तू डावरी आहेस, काल तुला झोप लागली नाही, आणि चहात साखर घालायला तू विसरलीस."

ती डावरी नव्हती. झोप छान लागली होती. राहिली साखर, ती कुणाच्याही जिभेला कळली असती.

"आश्चर्य वाटलं ना?" सासरे म्हणाले. "सगळ्यांनाच वाटतं. मी म्हणजे सत्याच्या मागावर असलेला माणूस. नजर घारीची, कान सशाचे, आणि स्मरणशक्ती तर अशी, की..."

"चष्मा फ्रिजवर राहिलाय," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तर अशा घरात बॅटरीची चोरी झाली.

घरची गाडी विजेवर चालणारी, इवलीशी. नवरा कंपनीच्या कामासाठी काही महिने परगावी गेला आणि गाडी तिच्यासाठी ठेवून गेला. इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल होते, म्हणून गाडी भर दुपारी, उन्हाच्या फुकट विजेवर चार्ज करायची असा घरचा दंडक. पार्किंगमध्ये जाऊन, वाकून वायर लावायची आणि चहाच्या वेळेला काढायची. सासऱ्यांची कंबर वाकत नसे. त्यामुळे वाकून करायच्या इतर सगळ्या कामांप्रमाणे हेही काम सासूबाईंकडे गेलं, आणि गेलं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. ऑफिस गावाबाहेर, बाळासाठी ठरवलेलं पाळणाघर त्याच्याही पुढे. जाऊन येऊन जवळजवळ अख्खी बॅटरी लागणार. वाटेत चार्जिंगची सोय म्हणजे एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातलं एकच यंत्र, आणि त्यावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी. चिठ्ठी इतकी जुनी की तिचीच शाई उडत आली होती. साहेबांनी स्पष्ट कळवलं होतं: सोमवारी आलात तर जागा तुमची, नाहीतर दुसरं माणूस बघतो.

म्हणून रोज सकाळी ती बाळाला मागच्या सीटवर बांधून ऑफिसच्या रस्त्याने निम्म्यापर्यंत जाऊन येई. सराव म्हणून. घरी आली की बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, आणि संध्याकाळी खाली जाऊन बॅटरीचा आकडा. दोन्ही चालू असले की मग जेवायची.

आकडा मात्र दगा द्यायला लागला. आधी चहाच्या वेळेपर्यंत गाडी काठोकाठ भरत असे. आता चहा गार झाला तरी पाव बॅटरी रिकामीच. तीच वायर, तेच ऊन, पण चार्जिंग बैलगाडीच्या चालीने. शिवाय स्क्रीनवर किलोमीटरमागे किती वीज जाते ते दिसे. तो खप घरात पाहुणे उतरल्यासारखा वाढलेला. रस्ता तोच. पाय तर तिचा इतका हलका की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमायचे.

नवरा फोनवर म्हणाला, "गाडीचा भरवसा नसेल तर राहू दे ना. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' हे तिने आपल्या आईला उद्देशून इतक्यांदा ऐकलं होतं, की आई बघायचीच थांबली होती. तिने फोन ठेवला आणि जेवताना सगळ्यांच्या कानावर गोष्ट घातली.

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. "चोरी!"

"बाबा, कदाचित वायरच..."

"सूनबाई, वायर निर्जीव असते. निर्जीव वस्तूला हेतू नसतो. हेतू कुणाला असतो?"

"भाजी वाढू का?" सासूबाईंनी विचारलं.

"मध्ये बोलू नकोस गं. इथे गुन्ह्याचा विषय चाललाय."

गाडीचं एक ॲप होतं. गाडीत केव्हा काय चालू होतं, वीज कुठे गेली, ते सगळं त्यात उमटे. पण ते सासऱ्यांच्या फोनवर होतं, आणि त्याचा पासवर्ड त्यांनी इतका गुप्त ठेवला होता की तो आता त्यांनाही सापडत नव्हता. "याचाच अर्थ पासवर्ड उत्तम आहे," ते म्हणाले आणि भिंग घेऊन खाली गेले. भिंग खरं तर औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायचं होतं.

ते परतले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"ऐका. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवून आडवी केलेली. म्हणजे चोर किमान सहा फुटी. एसी सगळ्यात थंडवर. म्हणजे तो थंड देशातला. रेडिओचा आवाज मोठा. म्हणजे बहिरा. आणि समोरच्या काचेवर आतून..." ते थांबले. थांबायची जागा त्यांना बरोबर कळे. "पायाच्या बोटांचे ठसे. म्हणजे कसरतपटू."

"सहा फुटी बहिरा कसरतपटू," ती म्हणाली.

"थंड देशातला. ते विसरू नकोस. आणि गाडीखाली ओल होती. मी चक्क वाकून चाखून बघितली."

"बाबा!"

"पाणी होतं. चोराला घाम फुटला होता. कशाने? माझ्या नावाने!"

सीटखाली शेंगदाण्याची फोलपटंही मिळाली होती. त्यावरून सासऱ्यांच्या मनात घटकाभर माकडाचा विचार येऊन गेला. माकडाने ठसे, शेंगदाणे आणि कसरत असं सगळंच नीट जमत होतं. पण रेडिओपाशी गाडी अडली. "माकडाला ऐकू चांगलं येतं," ते खिन्नपणे म्हणाले आणि माकडाला सोडून दिलं.

रोज सकाळी सीट पुढे ओढताना तिचा स्वतःचा संशय मात्र सासऱ्यांवरच जाई. पुरावे शोधण्याच्या भरात तेच गाडीत बसून एसी लावत असणार. पण ते दुपारी जेवून जे घोरायला लागत, ते थेट चहालाच थांबत, आणि घोरणं बाळाच्या खोलीपर्यंत ऐकू येई. निर्दोषपणाचा इतका मोठ्या आवाजाचा पुरावा दुसरा नसेल.

पुढचा संशयित तळमजल्यावरचे दंतवैद्य. उंच होते, आणि त्यांच्या दवाखान्याची मागची भिंत नेमकी पार्किंगच्या प्लगला लागून. "दात कोरायच्या यंत्राला वीज कुठून येते?" सासऱ्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रुग्णाच्या वेषात तपासाला गेले. वेष म्हणजे मफलर. तासाभराने आले ते गालाला हात लावून.

"काय कळलं?"

"त्यांचं मीटर वेगळं आहे," सासरे एका बाजूने बोलले. "पण खुर्चीत बसल्यावर त्यांनी आ करायला सांगितलं. आता संशय येऊ द्यायचा नाही म्हणून केला."

"मग?"

"दाढ काढली."

"दुखत होती?"

"आता दुखतेय."

मग त्यांनी पाळतीचं सूत्र मांडलं: चोर अंधारात येतो. म्हणून रात्री खांबामागे खुर्ची टाकून बसायचं आणि त्याची भरपाई दिवसा करायची. झालं उलटंच. दुपारची झोप दुप्पट झाली आणि चोरीही वाढली. शुक्रवारी संध्याकाळी आकडा निम्म्याच्या जरासा वर येऊन अडकला.

"चोर निर्ढावलाय," सासरे म्हणाले.

तिने मात्र त्या रात्री साहेबांना पाठवायचा निरोप फोनवर लिहून ठेवला. 'अपरिहार्य कारणामुळे.' पाठवला नाही. बाळ मांडीवर होतं, त्याची मूठ तिच्या अंगठ्याभोवती घट्ट होती, आणि रस्त्यात मधेच बंद पडलेली गाडी, कडकडीत ऊन आणि मागच्या सीटवर हे एवढंसं रडणं, असं चित्र तिला डोळे उघडे असतानाच दिसत होतं.

शनिवारी दुपारी बाळ काही केल्या झोपेना. घरात घोरण्याचा गजर. शेवटी ती त्याला खांद्यावर टाकून खाली पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालायला आली. गाडीला वायर लावलेली होती, दिवा लुकलुकत होता. आणि गाडीखाली पाणी ठिपकत होतं. ताजं. टप, टप.

चोराला आत्ता घाम फुटला होता!

वर जाऊन सासऱ्यांना उठवावं? ते आधी मफलर शोधतील. तिने बाळाला घट्ट धरलं, खांबाच्या आडून पुढे झाली आणि काचेतून बघितलं.

समोरच्या काचेला दोन पाय टेकलेले होते. टाचांना मलम लावलेलं. ते मलम तिनेच आणून दिलं होतं.

काच दोन बोटं खाली आली. "आत ये नाहीतर हो बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "गारवा जातोय."

ती आत बसली. रेडिओवर कुणीतरी जुनं गाणं म्हणत होतं. सासूबाईंच्या पोटावर शेंगदाण्यांची पुडी होती. पाच फुटांनाही जराशा कमीच असलेल्या सासूबाई, सीट पार मागे लोटून, एखाद्या संस्थानिकासारख्या पहुडल्या होत्या. बाळाने एक जांभई दिली आणि गारव्यात क्षणात झोपून गेलं.

"आई, तुम्ही?"

"हं."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी ते दुपारी झोपत नाहीत."

"पण इथे करता काय?"

"बसते." सासूबाईंनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "काही म्हणजे काही करत नाही. तुला ठाऊक आहे, ते रिटायर झाल्यापासून मी फ्रिज उघडला तरी 'कोण आहे?' अशी हाक येते. डबा उघडला की 'काय काढलंस?' मी नुसती खिडकीत उभी राहिले तर विचारतात, कुणावर नजर ठेवतेयस? पहिल्या दिवशी वायर लावली, म्हटलं जरा टेकूया. किल्ली हातात होती. एसी लागला. दार बंद केलं आणि काय सांगू, कुणी काही विचारेना! मला वाटलं मेलेच की काय मी."

"आई, अहो एसी चालू ठेवला की येणारी वीज त्यातच जाते. गाडीत भरायला उरते कुठे? म्हणून तर चार्जिंग..."

"आता तू सांगितलंस तेव्हा कळलं. मला वाटलं उन्हाची आहे, फुकटची आहे. उन्हाला काय तोटा?"

"पण घरात एवढा गोंधळ चाललाय, आणि तुम्ही एक शब्द नाही बोललात?"

"मला विचारलं कुणी?" त्या शांतपणे म्हणाल्या. "दंतवैद्याला विचारलं. माकडाचासुद्धा विचार केला."

गाणं संपलं, दुसरं लागलं.

"या आठवड्यात तर फारच वीज गेली," ती म्हणाली. "रोजच्याहून जास्त."

"हो. जास्त वेळ बसत होते." सासूबाईंनी पाय काचेवरून खाली घेतले आणि पदराने ठसे पुसले. "सोमवारपासून गाडी तू नेणार ना. म्हटलं, आहे तोवर बसून घ्यावं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मी जात नाही आई. पुढच्या..."

"गप. इतके महिने बाळाचे लंगोट धुतेय ते काय तू घरी बसावीस म्हणून?" त्यांनी हात पुढे करून एसी बंद केला. खालचा घाम थांबला. "आता बघ कशी भरते गाडी. जाशील तर झक्कास जाशील. आणि यांना सांगू नकोस. एवढ्या मेहनतीने उभा केलाय त्यांनी तो सहा फुटी."

सोमवारी गाडी काठोकाठ भरलेली होती. ती बाळाला पाळणाघरात सोडून ऑफिसला गेली, संध्याकाळी त्याला घेऊन परत आली, तरी बॅटरी थोडी उरली. सासऱ्यांनी जाहीर केलं की कसरतपटू देश सोडून पळाला, आणि दाढेचं बलिदान वाया गेलं नाही. वायर ती आता संध्याकाळी आल्यावर स्वतःच लावते, वाकून, आणि साध्या विजेचे पैसे भरते.

फक्त परवा सासऱ्यांनी तिला हळूच बाजूला घेतलं. चेहऱ्यावर तोच जुना प्रकाश होता. "सूनबाई, एक नवं प्रकरण आहे. काल मधेच जाग आली, तर तुझी सासू घरात नव्हती. चहाच्या वेळेला आली. विचारलं तर म्हणाली, जरा इथेच होते."

तिनेही विचारून बघितलं. सासूबाई हसल्या आणि भाजी निवडत बसल्या. छत्री नेत नाहीत, पिशवी नेत नाहीत, आणि बाहेर ऊन तर असं, की ऑफिसात बसून तिचा जीव खालीवर होतो. तिला दुपारी येता येत नाही. म्हणून तुम्हालाच सांगणं आहे. तुमच्याकडे बँक असेल, वाचनालय असेल, एखाद्या दुकानाचा गार कोपरा असेल. तिथे दुपारी एक ठेंगणी बाई चपला काढून, पाय वर घेऊन, काहीही न करता बसलेली दिसली, तर लांबूनच बघा. श्वास नीट चाललाय ना, जवळ पाणी आहे ना, एवढंच. नसेल तर तांब्याभर ठेवा. बाकी तिला काही विचारू नका.